पिकअपचे सीट कव्हर अन् मॅट : साडेसहा हजार घालवल्यावर आलेली अक्कल

सीट कव्हर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराकडून कापडाचा एक तुकडा मागून घ्या, घरी आणा, त्याच्यावर केळीच्या दांड्याचा ओला चीक लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. मस्करी नाही करत भाऊ. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे साडेसहा हजार वाचले असते. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, चांगली गोष्ट आहे, पण खरं तर जीआय त्या चीकाला पण द्यायला पाहिजे होतं, कारण एकदा कापडाला लागला की तो कापडाच्या मरणापर्यंत सोबत राहतो. लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, कळतपण नाही, अन् संध्याकाळपर्यंत तपकिरी, मग काळा.

तर गाडी आमची बोलेरो पिकअप, १.७ टनवाली, सेकंड हँड घेतलेली. आम्ही चोपडा तालुक्यातल्या अडावदकडचे. सीझनला बागेतून घड काढून लोडिंगच्या गाडीपर्यंत पोहोचवायचे, बाकीच्या दिवसात मका, कापूस, कोणाचं भाडं, कधी कोणाच्या लग्नाची भांडी. म्हणजे केबिनमध्ये कोण बसतं ते बघा : एक तर आमचा ड्रायव्हर, एक मी, कधी आबा, अन् कापणीच्या दिवशी घामाने निथळणारे अजून दोन-तीन जण, ज्यांच्या पायाला ड्रिपच्या बेडवरची ओली काळी माती अन् कपड्याला चीक. आरसी बुकात किती सीट लिहिलेत ते विचारू नका.

गाडी आली तेव्हा जुन्या मालकाचे कव्हर फाटून आतला फोम पिवळा पडून चुरा होत होता. ड्रायव्हर उठला की त्याच्या पँटीच्या मागे पिवळा भुगा. मी म्हटलं आधी हे नीट करू. जळगावला काम होतंच, हायवेवरच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरलो. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची निम्मी आणि माझी निम्मी आहे. एसी दुकान, काचेच्या भिंतीवर सगळे सीट कव्हर लटकवलेले, लाइट असा मारलेला की रेक्झिनसुद्धा बेन्झमधलं वाटेल. पोरगा हुशार होता. म्हणे, "भाऊ, हे लेदर फिनिश आहे, वॉटरप्रूफ, मधे डायमंड शिलाई, लाल दोरा, साईडला पायपिंग. पिकअप म्हणणारच नाही कोणी." हे शेवटचं वाक्य ऐकून मी गेलो. साडेचार हजार कव्हरचे, दोन हजार सेव्हन-डी मॅटचे, फिटिंग फ्री. गाडी बाहेर आली तर खरंच पिकअप वाटत नव्हती. घरी आल्यावर काकूने आत डोकावून बघितलं, म्हणे, "हाई काय शे रे भाऊ, गाडी शे का सोफा शे?"

फेब्रुवारीत बसवले होते, मार्चपर्यंत मी खुश होतो.

मग एप्रिल आला. आपल्याकडचा एप्रिल-मे काय असतो ते बाहेरच्या लोकांना समजावून सांगायची गरज पडते, आपल्या लोकांना नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी गाडी बागेच्या बांधावर उन्हात उभी, काचा बंद, अन् काळं रेक्झिन. दुपारी अडीचला गाडीत बसलो तर मांडीला असा चटका बसला की मी परत खाली उतरलो. बरं चटका पाच मिनिटात जातो, घाम जात नाही. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर, त्यातून हवा जाणार कुठून? पाठ पूर्ण ओली, शर्ट सीटला चिकटलेला, उठताना चर्र आवाज. त्यात पिकअपला एसी नाही आणि गिअरबॉक्सच्या बाजूने पायाला वेगळी गरमी. ड्रायव्हरने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी काही न बोलता घरून टॉवेल आणला अन् सीटवर अंथरला. साडेचार हजारांच्या कव्हरवर ऐंशी रुपयाचा टॉवेल. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

अजून एक गंमत, जी मला नंतर समजली. त्या एप्रिलमध्ये समोरच्या काचेला आतून एक धूसर थर यायला लागला. पुसला की चार दिवसांनी परत. मी समजलो धूळ आहे. ती धूळ नसते, नवीन स्वस्तातलं पीव्हीसी तापलं की त्याला मऊ ठेवायला टाकलेलं जे तेलकट केमिकल असतं ते उडून काचेवर जाऊन बसतं. रात्री समोरून ट्रकचा लाइट आला की सगळी काच पांढरी. तोच तो नवीन गाडीचा वास म्हणून आपण छाती भरून घेतो ना, त्यातलाच हा भाग. तेव्हा नवीन कव्हर बसवल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस काचा थोड्या खाली ठेवून गाडी सावलीत उभी करा अन् काच आतून साबणाच्या पाण्याने पुसत जा.

आता कोणी म्हणेल की मग रेक्झिनऐवजी पीयूवालं, म्हणजे दुसऱ्या जातीचं नकली लेदर, घ्यायचं, ते मऊ असतं, कमी तापतं. घेतलंय आमच्या मामांनी, त्यांच्या गाडीला. वर्ष-दीड वर्ष हाताला छान लागतं, मग घाम अन् दमट हवा खाऊन त्याचा वरचा पापुद्रा सुटायला लागतो, कांद्याच्या सालीसारखा. जिथे पाठ टेकते तिथे पहिले. मामांच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांवर काळे कण. कारमध्ये, जिथे एसी आहे अन् माणूस इस्त्रीचे कपडे घालून बसतो, तिथे पीयू ठीक असेल. पिकअपला नको.

परत माझ्या कव्हरवर येतो. पावसाळ्यात त्याची दुसरी बाजू दिसली. वॉटरप्रूफ रेक्झिन असतं, शिलाई नसते. ती जी सुंदर डायमंड शिलाई होती ना, म्हणजे काय, सुईने पाडलेली हजार भोकं. ओल्या कपड्याची माणसं बसली की पाणी त्या भोकातून आतल्या दहा एमएमच्या फोममध्ये, अन् वरून रेक्झिन असल्यामुळे ते वाळायला बाहेर यायचा रस्ता बंद. ऑगस्टमध्ये केबिनचा दरवाजा उघडला की ओल्या गोधडीचा वास. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, जिथून तो दिवसातून चाळीस वेळा चढतो-उतरतो, तिथलं पायपिंग आधी उसवलं, मग त्याच्या आतली प्लॅस्टिकची दोरी बाहेर आली, मग तो तिला उगाच ओढत बसायचा ट्रॅफिकमध्ये. पायपिंग दिसायला भारी असतं पण मांडी बरोबर तिथेच घासते हे लक्षात ठेवा. कव्हर बघताना मधलं डिझाइन बघू नका, ती उजवी कड उलटी करून आतून बघा, डबल शिलाई आहे का, दोरा नायलॉनचा आहे का, जोड मांडीखाली येतो का बाजूला येतो.

पण या सगळ्यापेक्षा मोठी चूक एका रात्री समजली. कापणी उशिरा संपली, मी आणि ड्रायव्हर माल घेऊन जळगावकडे निघालो, विदगावच्या पुलाच्या अलीकडे मागचं डावं चाक पंक्चर. लोड गाडी, रात्रीचे अकरा, उसाची एक ट्रॉली सोडली तर रस्त्यावर कोणी नाही. माझ्या गाडीत जॅक-पाना शेजारच्या सीटच्या पाठीमागे असतो, पाठ पुढे पाडली की हाताशी येतो. आता पाठ पडेच ना. त्या फ्री फिटिंगवाल्याने पाठीचं अन् बसायचं कव्हर खालून दोऱ्या ओढून एकमेकांना गच्च बांधून टाकलेलं, वर तारेच्या रिंगा मारलेल्या, म्हणजे फिटिंग एकदम टाइट, सुरकुती नाही! मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून मी सीटखाली हात घालून गाठी शोधतोय, ड्रायव्हर म्हणतो "सरका भाऊ", अन् त्याने डॅशबोर्डवरचा विळा घेतला, दोन वार, दोऱ्या खलास, कव्हर पण चार बोटं फाटलं. जॅक निघाला. मला वाईट वाटलं नाही हे विशेष. त्या दिवसापासून ते कव्हर माझ्या मनातून उतरलं.

(सीट बेल्टचं बक्कलपण त्याने कव्हरच्या खाली गाडलेलं होतं, ते वेगळं. बसवून झाल्यावर तिथेच बसून बेल्ट लावून बघा, पाठ पाडून बघा, सीट पुढे-मागे सरकवून बघा, मगच पैसे.)

आता मॅटचं ऐका, कारण कव्हरमध्ये फक्त पैसे जातात, मॅटमध्ये जीव जाऊ शकतो. सेव्हन-डी मॅट म्हणजे खाली कडक बेस, वर रेक्झिन, तीच डायमंड शिलाई, कडा वर आलेल्या. कारमध्ये सुंदर दिसतं. आपली काळी माती ओली असताना कशी असते माहितीये ना, चपलेला किलोभर चिकटून येते, बुटाचा नंबर दोनने वाढतो. ती त्या शिलाईच्या खोबणीत जाऊन बसली. वाळली की राखाडी पडते, सिमेंटसारखी. ब्रश मारा, काडी घाला, निघत नाही, पाणी मारलं तर शिलाईतून खाली उतरतं. अन् काळ्या मॅटवर ही राखाडी धूळ जितकी उठून दिसते तितकी कशावरच नाही, लोकं काळं घेतात मळ दिसू नये म्हणून, आपल्या भागात उलटं आहे.

पण खरा घोळ मापाचा. पोरगा म्हणे "बोलेरोचंच आहे भाऊ, बसतं." बसवलं तर पुढच्या बाजूला दोन बोटं उभं राहिलं, त्याने कटरने थोडं कापलं, पायाने दाबलं, झालं म्हणे. खाली धरून ठेवायला ना हुक ना क्लिप. महिनाभरात ते टाचेने ढकलत ढकलत पुढे सरकायला लागलं. एक दिवस बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, खड्डा चुकवायला क्लच दाबला तर क्लच पूर्ण जाईना, मध्येच मऊ काहीतरी लागतंय. मॅटची कड पेडलखाली. क्लच होता म्हणून गिअर खरडण्यावर भागलं, त्या जागी ब्रेक असता तर? अन् ॲक्सिलरेटर असता तर अजून वाईट. २००९ साली टोयोटासारख्या कंपनीने अमेरिकेत याच एका कारणासाठी, मॅट ॲक्सिलरेटरला अडकू शकतं म्हणून, अडतीस लाखांच्या आसपास गाड्यांचा रिकॉल काढला होता. मॅट म्हणजे फालतू गोष्ट असती तर एवढा खर्च कोणी केला असता का.

म्हणून आता माझी पद्धत अशी आहे की कोणतंही मॅट टाकलं की इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल बुडापर्यंत दाबायचे अन् सोडायचे, परत येताना कुठे घासतं का ते हाताने बघायचं, मग सीट सगळी मागे सारून मॅट मुद्दाम पुढे ढकलून परत तेच करायचं. दोन मिनिटाचं काम आहे. अन् मॅटवर मॅट कधीच टाकायचं नाही. आपल्याकडे सवय असते, चांगलं मॅट खराब होऊ नये म्हणून वर पोतं टाकायचं. मीपण टाकलेलं आहे.

मधल्या काळात प्रयोग काय कमी केले नाहीत. नाक्यावरून लाकडी मण्यांचं सीट आणलं साडेतीनशेला, ट्रकवाल्यांकडे असतं ते. खरं सांगू, उन्हाळ्यासाठी त्याच्याइतकं थंड काही नाही, पाठीमागून हवा खेळते. पण तिसऱ्या महिन्यात दोरा तुटला अन् चालत्या गाडीत मणी पायात सांडले, टप टप टप, एक मणी घरंगळत ब्रेकच्या खाली गेला. गाडी बाजूला घेऊन आम्ही दोघं मणी वेचत बसलो, दिवाळीत पोरं फुसके फटाके वेचतात तसे. ते त्याच दिवशी बाद.

आबांचा सल्ला त्याहून भारी. "चटईच्या गावात राहून मॅट विकत काय घेतो?" आता जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया बनतात हे सगळ्यांना माहीत, घरात जुनी चटई होतीच, आबांनी स्वतः कात्रीने कापून शेजारच्या सीटवर टाकली. थंड, धुवायला सोपी, फुकट. फक्त एवढंच की आबा धोतरात, चटई गुळगुळीत, अन् धानोऱ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने बैल आडवा आला म्हणून ब्रेक मारला. आबा सीटवरून अलगद खाली, डॅशबोर्डला गुडघे टेकून. लागलं नाही देवाच्या कृपेने. चटईचा विषय आबांनी स्वतःच बंद केला, तेव्हापासून ते बेल्टही लावतात.

ऑनलाइनपण एक मॅट मागवलं होतं. फोटोत आपलीच गाडी, आलं ते कोणत्या तरी पाच सीटर कारचं, मागच्या सीटच्या मॅटसकट. परत पाठवलं. पिकअपवाल्यांनी ऑनलाइनच्या नादी लागताना "युनिव्हर्सल" शब्द दिसला की सोडून द्यावं, सगळ्यांना बसणारं म्हणजे कोणालाच नीट न बसणारं.

शेवटी काम झालं ते चोपड्यात, एका कुशनवाल्या चाचांकडे. छोटं टपरीवजा दुकान, बाहेर मोटरसायकलच्या सीटा लटकवलेल्या, आत एक जुनं शिलाई मशीन अन् फोमचे तुकडे. मी जाऊन म्हटलं, "चाचा, चांगल्यातलं कापड दाखवा." चाचांनी मान वर न करता विचारलं, "कापड नंतर दाखवतो भाऊ. आधी सांगा गाडीत बसतं कोण, अन् बसायच्या आधी ते काय करून आलेलं असतं?" हा प्रश्न मला त्या एसी दुकानात कोणी विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं, चीक, घाम, माती, जॅक. चाचा उठून गाडीपाशी आले, ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः तीन वेळा चढले-उतरले, उजव्या कडेवर हाताने घासून बघितलं कुठे मांडी लागते, खडूने खूण केली. सीटची पाठ पाडून जॅक काढून बघितला. मग माप.

त्यांनी जे सुचवलं ते दोन जातींचं मिक्स आहे. जिथे पाठ अन् बूड टेकतं त्या मधल्या पट्ट्याला जाड जाळीचं कापड, ते शाळेच्या दप्तराच्या पाठीला असतं ना, जाळी-जाळी, त्याला एअर मेश म्हणतात, त्यातून हवा जाते. अन् कडा, बाजू, पाठीमागची बाजू, जिथे चिकाचा हात अन् मातीचा पाय लागतो, तिथे जाड मॅट फिनिशचं रेक्झिन, चमकणारं नाही. चीक रेक्झिनवर ओला असताना पुसला की निघतो, जाळीवर लागला तर नाही निघणार हे त्यांनी आधीच सांगितलं, त्यामुळे मधला पट्टा सुटा केला, चारी बाजूंनी वेल्क्रो, काढला की बादलीत. तो पट्टा ड्रायव्हरच्या सीटसाठी दोन नग शिवून घेतले, एक अंगावर एक दोरीवर. आत फोम दहाचा नाही, सहाचाच घातला. म्हणे, "मऊ बसायला गाडीची सीट आहे ना, कव्हर कशाला मऊ पाहिजे? जितका फोम जास्त तितकं पाणी जास्त." पायपिंग नाही. उजव्या कडेला रेक्झिनचा डबल थर. पाठीचं अन् बसायचं कव्हर वेगवेगळं, खाली इलॅस्टिक अन् प्लॅस्टिकचे हुक, विळ्याची गरज नाही.

रंग मी काळा म्हणत होतो सवयीने. चाचांनी मातकट ब्राऊन काढला. काळ्यापेक्षा कमी तापतो अन् आपल्या शेतातलं सगळं पाप पोटात घेतो. सगळे मिळून अडतीसशे झाले, ड्रायव्हरच्या एक्स्ट्रा पट्ट्यासकट. वायदा दोन दिवसांचा होता, लागले नऊ दिवस, चार फोन, अन् त्यातल्या दोन फोनला "आत्ता तुमचंच घेतलं होतं हातात" हे उत्तर. या बाबतीत चाचांचा एक स्टार कापतो. बिलही दिलं नाही, कागदाच्या चिठ्ठीवर आकडे. एसी दुकानाने निदान पक्कं बिल दिलेलं होतं, तेवढं त्यांच्या बाजूने लिहितो.

मॅटसाठी चाचांनी हात वर केले, पण एक गोष्ट दाखवली ज्याचे मी आयुष्यभर उपकार मानेन. म्हणे, आधी खालचं उचलून बघू. माझ्या गाडीत फ्लोअरवर जे काळं व्हिनाइल चिकटवलेलं आहे त्याच्या खाली नमदा असतो, जाड फेल्ट. कोपरा उचलला तर नमदा सप्टेंबरच्या पावसाचा ऑक्टोबरात ओला. पिळला तर पाणी. खाली पत्र्याला लालसर गंज धरलेला, अजून खाल्लेला नव्हता पण अजून दोन पावसाळ्यात पायाखालून रस्ता दिसला असता. ते मोठं कडेचं मॅट वरून झाकण घालून बसलेलं, खाली काय चाललंय कळणार कसं. नमदा बाहेर काढून दोन दिवस उन्हात वाळवला, पत्रा घासून रेड ऑक्साइड मारला, वरून काळा पेंट. खर्च किती, तीनशे-साडेतीनशे, मेहनत आमचीच. तुमची गाडी सेकंड हँड असेल तर मॅटचा विचार करण्याच्या आधी हे एकदा कराच, दिवाळीच्या साफसफाईत पकडा.

मॅटमध्ये मग दोन पर्याय उरले. एक ते नूडल्सवालं, शेवयांसारखं प्लॅस्टिक, कोणी गवतवालं म्हणतं, कोणी कॉइल. फुटावर कापून मिळतं. हे मी शेजारच्या बाजूला टाकून बघितलं. सुकी धूळ, वाळू यासाठी एक नंबर, माती खाली पडते, वरून पाय स्वच्छ. पण आपली ओली काळी माती त्या शेवयात अडकली की बसली, अन् केळीच्या पाल्याच्या वाळलेल्या चिंध्या त्यात अशा गुंततात की चिमट्याने काढा. ड्रायव्हरच्या बाजूला तर टाकूच नका, टाच जिथे टेकते तिथे दोन-तीन महिन्यात खड्डा पडतो, मग भोक, मग चपलेचं टोक त्यात अडकतं. धुळ्याकडच्या, साक्रीकडच्या लोकांना, जिथे मुरमाड जमीन आहे, कदाचित चालेल.

दुसरं, साधं जुनं जाड रबरी मॅट. पट्ट्यापट्ट्याचं, जड. हातात घेतलं की खाली लोंबलं पाहिजे, वजनानेच जमिनीला धरून बसतं. सातशे रुपये जोडी. कागदाचं फर्मं करून नेलं होतं मी, वर्तमानपत्र फ्लोअरवर अंथरून, पेडलच्या मागे चार बोटं सोडून कापलेलं, त्या मापाने दुकानदाराकडून कटिंग करून घेतलं. पेडलच्या खाली मॅट जातच नाही, त्यामुळे अडकायचा प्रश्नच नाही. सीटच्या बाजूने दोन भोकं पाडून खालच्या बोल्टला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलं, सरकत नाही. नवीन रबराचा वास आठवडाभर डोकं उठवतो, दोन दिवस अंगणात उन्हात टाकून मग गाडीत टाका. कडा वर आलेल्या नाहीत म्हणून पाणी बाजूला वाहतं हा तोटा आहे. पण हे मॅट दोन हातांनी उचललं, बांधावर आपटलं, मोटरच्या पाण्याखाली धरलं की काम खलास, पाच मिनिट. अन् उचललं जातं म्हणून खालचा पत्रा रोज दिसतो. पत्रा ओला दिसला की मॅट तसंच बाहेर ठेवून दरवाजे उघडे टाकतो, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा.

आता या सेटला एक पूर्ण सीझन अन् एक पावसाळा झाला. जाळीचा पट्टा आठवड्याला एकदा निघतो, आई तो गोधडीसोबत धोपाटण्याने बडवते, मी नको म्हणतो, ती ऐकत नाही, तरी अजून शिलाई टिकून आहे. मे महिन्यात पाठ ओली होतेच, उगाच खोटं बोलणार नाही, पण गाडी चालू झाली की वाळते, चिकटत नाही. रेक्झिनच्या कडेवर चिकाचे तीन-चार काळे डाग आहेत, ते आमच्या आळसाचे, त्याच दिवशी पुसलं असतं तर नसते राहिले. वेल्क्रोत मात्र कापसाची बोंडं भरलेल्या दिवशी तंतू जाऊन बसतात अन् पकड कमी होते, जुन्या टूथब्रशने काढावे लागतात, हे चाचांना पण सुचलं नव्हतं. कापसाची भाडी जास्त असतील तर वेल्क्रोऐवजी चेन लावून घ्या.

ड्रायव्हरने टॉवेल काढला का? काढला. पण सीटवरून काढून आता स्टिअरिंगला गुंडाळतो दुपारी, कारण स्टिअरिंगचं कव्हर अजून त्या जुन्या दुकानाचंच आहे, लाल दोऱ्यावालं. चाचांना सांगून ठेवलंय, ते म्हणे सोमवारी या. कुठल्या सोमवारी ते बोलले नाहीत.